सातारा जिल्ह्यात पाऊस किती? आधी सांगा, डोंगराच्या अलीकडं की पलीकडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणारं एक जोडपं सातारा जिल्ह्यात तीन-चार एकर घ्यायचं म्हणतंय. शनिवार-रविवारी राहायला छोटं घर आणि उरलेल्या रानात फळबाग. दोन जागा पाहून झाल्यात. एक जावळी तालुक्यात, बामणोलीच्या अंगाला उतरणाऱ्या डोंगरावर. दुसरी माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. नेटवर जिल्ह्याचा सरासरी पाऊस हजार मिलिमीटरच्या वर दिसला, "सातारची हवा छान" हे तर सगळेच सांगतात, तेव्हा डाळिंब किंवा आंबा कोणत्या महिन्यात लावावा, असं त्यांनी विचारलंय.

मी कृषी खात्यात तीस वर्षं काढली. सुरुवातीला जावळी, मग खटाव आणि माण, शेवटची काही वर्षं कोरेगाव. आता कोरेगावजवळच राहतो, घरची थोडी शेती बघतो आणि अंगणात पर्जन्यमापक ठेवलाय. त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे.

तुमचा प्रश्न महिन्याचा नाहीच. तुम्ही ज्याला सातारा जिल्ह्याचं हवामान म्हणताय, ते एक हवामान नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तर पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की तोही निम्म्याहून कमी. सातारा शहरात हजाराच्या आसपास आणि दहिवडीला साडेचारशे-पाचशे. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्या अंतरात पाऊस बारा पटीनं घटतो. या सगळ्याची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तो घेऊन ना जावळीत भात लावता येतो ना माणमध्ये बाजरी.

कारण शाळेत शिकलेलंच आहे. अरबी समुद्रावरनं आलेलं बाष्प सह्याद्रीच्या भिंतीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि माथ्यावरच रितं होतं. पूर्वेला उतरणारा वारा उतरता उतरता तापतो, कोरडा होतो. पण पुस्तकात हे राज्याच्या नकाशावर दाखवतात, आमच्याकडं ते दुचाकीवरनं बघायला मिळतं. जुलैत एखाद्या सकाळी साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घ्या. रस्ता ओला, पण ऊन पडलेलं. तिथनं कासच्या रस्त्याला लागा. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत धुकं अंगावर येतं, चष्मा पुसावा लागतो. पेट्रीच्या पुढं भुरभुर सुरू होते, आणि कासला पोचेपर्यंत रेनकोटच्या आत पाणी शिरलेलं असतं. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. परत खाली उतरलात तर पोवई नाक्यावरचा माणूस विचारतो, कुठं भिजलास रे?

म्हणून पहिली गोष्ट, तालुक्याच्या नावावरनं हवामान ठरवू नका. जावळी तालुक्यातच मेढा वेण्णेच्या खोऱ्यात आहे, म्हणजे कासच्या डोंगररांगेच्या पूर्वेला. बामणोली त्याच रांगेच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात. तालुका एक, पाऊस दोन. तुमची जागा पश्चिमेच्या उतारावर असेल तर ती पावसाच्या तोंडावर आहे. माणमध्येही तेच. महादेवाच्या डोंगररांगेच्या उत्तरेला फलटण, नीरेचं खोरं, कालव्याचं पाणी, उसाचे मळे. दक्षिणेला माणगंगा आणि माळ. पाऊस दोन्हीकडं जवळजवळ सारखाच कमी. फरक आहे तो कालव्याचा. फलटणची हिरवळ बघून कुणी "पूर्वेला एवढं काही कोरडं नाही हं" म्हणालं तर ती हिरवळ आभाळातली नाही, नीरेच्या कालव्यातली आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मोठी. पाऊस किती यापेक्षा कधी. पश्चिमेला पाऊस सरळ असतो. मृग लागला की सुरू, आर्द्रापासून जोर, पुनर्वसू-पुष्यात म्हणजे जुलैभर कहर, मघेनंतर हळूहळू ओसरतो. पूर्वेला तसं नाही. माण-खटावला वळवाचे दोन-चार दणके मे महिन्यात होतात, दुपारी ढग चढतात, वावटळ येते आणि तासाभरात ओढा वाहतो. मृगात एखाद-दोन पाऊस होतात. त्यानंतर जुलैत काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. आभाळ भरलेलं असतं, वारा सोसाट्याचा असतो आणि पाऊस नसतो. पश्चिमेकडं रिते झालेले ढग नुसते डोक्यावरनं पळत असतात. माणमधली म्हातारी माणसं पारावर बसून ते ढग बघतात आणि म्हणतात, चालली मोकळीच. हा वारा जमिनीतली ओलसुद्धा ओढून नेतो. तिकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरमधला, उत्तरा आणि हस्ताचा, परतीचा. म्हणूनच तिकडं ज्वारी रब्बीची. हस्ताच्या ओलीवर पेरायची आणि थंडीवर पिकवायची. "पडेल हत्ती तर पडतील भिंती" ही म्हण (हत्ती म्हणजे हस्ताचा पाऊस) पश्चिमेला कौतुकाची नाही, पूर्वेला आहे.

हे मला कसं कळलं तेही सांगतो, कारण चूक माझीच होती. खटावला नवा असताना जूनमध्ये चांगला पाऊस झाला. मी जावळीत शिकलेला माणूस. पाऊस झाला की रोप लावायचं, एवढंच डोक्यात. एका गावात माळावर झाडं लावायचा कार्यक्रम होता, मी म्हणालो उद्याच लावून घ्या. खड्डे तयार होते, लोकांनी उत्साहानं लावली. जुलैत वारा सुटला. चार आठवडे थेंब नाही. ऑगस्टमध्ये गेलो तर बहुतेक रोपांच्या काड्या झालेल्या. गावातला एक म्हातारा धनगर शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्यात झाड गणपतीनंतर लावत्यात." त्यानं ते मला जूनमध्येच सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा महिन्याचं उत्तर असं, की पश्चिमेला लावायचं तर मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, म्हणजे जुलैच्या माऱ्याआधी रोप जीव धरतं. नाहीतर थेट सप्टेंबरात. जुलैत लावलं तर मुळाशी पाणी साचून कुजतं. पूर्वेला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. ठिबकचं खात्रीचं पाणी असेल तर जूनलाही चालतं, पण पश्चिमेच्या बाजूनं वाऱ्याला आडोसा करा. शेवरी, ग्लिरिसिडिया काहीही चालेल, नुसत्या जुन्या साड्या बांधल्या तरी पहिलं वर्ष निघतं.

डाळिंबाबद्दल तुम्ही खास विचारलंय. ते माणमध्ये येतं, जावळीच्या डोंगरावर आणू नका. कोरडी हवा हीच माणची डाळिंबासाठी पुंजी. तेल्या रोगाला ओलावा आणि उकाडा दोन्ही लागतात, म्हणून मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरला की पावसाळाभर फवारणीच्या मागं पळावं लागतं. हस्त बहाराला भाव चांगला मिळतो, पण त्यासाठी झाडाला ऑगस्ट-सप्टेंबरात ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि नेमका तेव्हाच पूर्वेचा पाऊस येतो. ताण बसतो का नाही हे दैवावर. आंबे बहार, जानेवारी-फेब्रुवारीत धरायचा, रोगाच्या दृष्टीनं सोपा, पण अख्खा उन्हाळा पाणी लागतं. म्हणजे हवामान सोपं तेव्हा पाणी नाही, पाणी आहे तेव्हा हवा वाईट. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येणाऱ्यानं डाळिंब करावं असं मला वाटत नाही, स्पष्टच सांगतो. सीताफळ लावा, चिंच लावा, थोडा केशर आंबा लावा. ही झाडं दोन आठवडे तुम्ही आला नाहीत तरी रुसत नाहीत.

जावळीच्या जागेवर फळबागेचं उत्पन्न धरूच नका. फणस, जांभूळ, बांबू, घराभोवती चार आंबे, बास. तिकडं शेती म्हणजे भात, नाचणी, वरी. आणि स्ट्रॉबेरी बघून आलात म्हणून सांगतो, ती महाबळेश्वर-पाचगणीच्या पठाराची गोष्ट आहे. पाऊस ओसरला की लागण, डिसेंबरपासून पुढं फळ, रोज तोडणी. ते पीक रविवारी करायचं नाही.

पाण्याचा हिशेब मात्र दोघांनी मिळून एकदा वहीत करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. माणमध्ये ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर वर्षाला वीस लाख लिटर पडतं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं भरलं तर, कडा आत उतरत्या असतात हे धरून, त्यात साधारण बावीस लाख लिटर मावतं. म्हणजे एका एकरावरचा सगळा पाऊस, एक थेंब न जिरता, तळ्यात गेला तरी ते काठोकाठ भरत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये तिकडं उघड्या पाण्यावरनं रोज सात-आठ मिलिमीटर वाफ होऊन जातं. ९०० चौरस मीटरच्या तळ्यावर तेच दिवसाला सहा-सात हजार लिटर झालं. कोण चोरत नाही, गळत नाही, तरी सकाळी प्लॅस्टिकच्या कागदावर नवी रेघ दिसते.

आणि म्हणून कुणी समजू नये की पश्चिमेला पाण्याचा प्रश्न नाही. तिथं तर मला पहिल्या उन्हाळ्यात धक्का बसला होता. जुलैत छपरावर दिवसरात्र पाणी कोसळलेलं, घरांच्या भिंतींना बाहेरनं गवताच्या झडी बांधलेल्या, चुलीवर कपडे वाळवलेले. त्याच वाडीत एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन डोंगर उतरत होत्या. जांभ्याचा सडा, खाली काळा पाषाण, उतार तीव्र. पाणी थांबतं कुठं? झरे फेब्रुवारीपर्यंत साथ देतात. तुमच्या जागेवरनं शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसतं असं एजंटनं सांगितलंच असेल. दिसणारं पाणी तीनशे-चारशे मीटर खाली असतं, आणि ते तुमचं नसतं. तिथं घर बांधायच्या परवानग्या, वनखात्याची हद्द, सातबारा, शेतकरी दाखला हा सगळा वेगळा विषय आहे. तो वकिलाला विचारा, हवामानाच्या उत्तरात घुसडत नाही.

थंडीबद्दल एक गंमत. सगळ्यांना वाटतं महाबळेश्वर सगळ्यात गार. दिवसा खरं आहे. उंची १,३७० मीटरच्या आसपास, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, त्यामुळं मे महिन्यात फलटणला चाळिशी ओलांडलेली असताना तिथं तिशीच्या पुढंमागं असतं. पण जानेवारीच्या पहाटे जड गार हवा माथ्यावरनं घसरून खोलगटात साचते, त्यामुळं पुण्याचा किंवा आमच्या खोऱ्यांचा पारा महाबळेश्वरच्या वेधशाळेपेक्षा खाली असतो, असं नेहमी होतं. वेण्णा तलाव, लिंगमळा इथं दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात ना, ते याच कारणानं. ती खोलगट जागा आहे. तुमच्या जागेत ओढ्याकाठचा सखल तुकडा असेल तर कोवळी रोपं तिथं लावू नका आणि घरही तिथं बांधू नका. पन्नास फूट वर सरका, डिसेंबरात फरक कळेल.

आता सरासरीचा शेवटचा मुद्दा. आमच्याकडं सरासरीचं वर्ष फार कमी वेळा येतं. २०१९ आठवा. आधीच्या वर्षीचा पाऊस गेलेला, म्हणून मे महिन्यात म्हसवडला चारा छावणीत माणसं जनावरांबरोबर मुक्कामाला. ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्यात कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर पूर. आणि ऑक्टोबर संपता संपता अवकाळीनं माण-खटावची द्राक्षं झोडपली. एकाच वर्षात, एकाच जिल्ह्यात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, म्हणजे दहिवडीचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात, वर थोडा शिल्लक. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात डोंगर खचून माणसं गाडली गेली. २०२३ चा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत हजर. बारामती-फलटणकडं ओढ्यांना मे महिन्यातच पूर. रोहिणीत पेरणीची तयारी करायची का पूर बघायचा, हे कुणालाच कळेना.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की माणची जागा सगळ्यात वाईट वर्षासाठी तपासायची आणि जावळीची सगळ्यात वाईट दिवसासाठी. माणमध्ये विचारा, १९७२ ला, २००३ ला, २०१२ ला, २०१८ ला या विहिरीचं काय झालं? उरमोडी धरणाचं पाणी या शिवारात येतं का, आणि पाळी किती दिवसांनी? जावळीत विचारा, २०२१ च्या जुलैत रस्ता किती दिवस बंद होता, वीज कधी आली, वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली होती का? जागेच्या वर तीव्र उतार आणि माती खणून केलेला नवा रस्ता असेल तर मी ती जागा फुकट मिळाली तरी घेणार नाही.

जागा बघायला कधी जायचं? एजंट दिवाळीनंतर किंवा जानेवारीत नेतो. तेव्हा सगळा जिल्हाच देखणा दिसतो. माणला मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोनला जा. घरांसमोर निळी-काळी पिंपं रांगेनं ठेवलेली दिसली तर टँकर येतो, विचारायची गरज नाही. बांधावर हिवर, बाभूळ, तरवड असेल तर तो खरा माळ आहे. जांभूळ, उंबर दिसला तर खाली कुठंतरी ओल आहे, तिथं थांबून चौकशी करा. जावळीला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जा आणि एक रात्र मुक्काम करा. जुनी घरं कुठल्या बाजूला पाठ करून बांधलीत ते बघा, पाऊस कुठनं झोडपतो ते कळतं.

दोन्हींपैकी एक निवडायचीच असेल तर फळबागेसाठी माण, तेही पाण्याची खात्री असेल तरच, आणि नुसतं राहायला जावळी. पण तुम्ही मला विचारताय म्हणून तिसरं सुचवतो. सातारा तालुक्याचा पूर्व भाग, कोरेगाव, वाईचा खालचा पट्टा, म्हणजे मधली पट्टी बघा. सहाशे-सातशेपासून हजारपर्यंत पाऊस, जमीन बरी, थंडी चांगली. आमच्याकडं घेवडा, आलं, हळद होते ती याच मधल्या हवेमुळं. वाघ्या घेवड्याला कोरेगावचं भौगोलिक मानांकन उगीच मिळालेलं नाही. अडचण इथंही आहेच. घेवडा काढणीला आला आणि ऑगस्टअखेरीस झड लागली की शेंगेतच दाणा डागाळतो. भावही चढे आहेत. पण दोन आठवडे न येणाऱ्या मालकाला ही हवा माफ करते.

जागा कुठलीही घ्या, व्यवहाराआधी त्या महसूल मंडळाचे पावसाचे आकडे काढा. जिल्ह्याचे नकोत, तालुक्याचेही नकोत. आता मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, गेल्या काही वर्षांचे रोजचे आकडे मिळतात. त्यात एकूण बेरीज शेवटी बघा. आधी जुलै-ऑगस्टमध्ये लागोपाठ किती दिवस अडीच मिलिमीटरच्या खाली गेले ते मोजा, कारण अडीचच्या खालचा दिवस आपण पावसाचा धरत नाही. तो खंड तीन आठवड्यांच्या वर वारंवार जात असेल तर तेवढे दिवस झाड जगवण्याचं पाणी तुमच्याकडं साठवलेलं असलं पाहिजे. हेक्टरी, एकरी काहीही हिशेब करा, पण तो खंडावर करा.

आणि घेतल्यावर पहिली खरेदी पर्जन्यमापकाची. साधा प्लॅस्टिकचा चालतो. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर बसवा. माझा पहिला मी शेवग्याखाली लावला होता आणि दोन महिने शेवग्याचा पाऊस मोजत होतो. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, पाणी ओतून द्यायचं, वहीत तारखेसमोर आकडा. तुम्ही आठवड्यातनं दोन दिवस असणार, तेव्हा शेजारच्या घरातल्या शाळकरी पोराला काम द्या. माझ्या शेजारचा सातवीतला पोरगा करतो. पाऊस नसला की तो वहीत शून्य न लिहिता "मोकळीच" असं लिहितो, आणि मी ते खोडत नाही.